दोन ते पाच मामाजींकडे

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि माझी बाळंतपणाची रजा संपली. तोपर्यंत ती रात्रीतून सहा-सात वेळा उठायची. मी शाळेत रुजू होईपर्यंत हिची घडी बसेल, अशी मी स्वतःची समजूत काढत होते. घडी बसली नाही. रुजू व्हायच्या आदल्या रात्री ती आठ वेळा उठली. मी मोजलं होतं, कारण सकाळी नवऱ्याला सांगायचं होतं. तो बेसिनपाशी दात घासत होता. मी मागून म्हटलं, "आठ वेळा." त्याने तोंडात ब्रश असतानाच मान हलवली. त्याला दुसरं काय करता येण्यासारखं होतं, हे मला आजही सुचत नाही, पण त्या वेळी तो ब्रश हिसकावून खिडकीबाहेर फेकावा असं मला वाटलं होतं.

आम्ही वर्ध्याला लागून पिपरी मेघेत राहतो. वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोर गच्चीचा एक तुकडा. नवरा सूतगिरणीत, पाळी दर आठवड्याला बदलते. माझी जिल्हा परिषदेची शाळा पवनारच्या पुढे एका गावात आहे, स्कूटीने जाते. आईने सुरुवातीचे तीन महिने मला माहेरी सांभाळलं, पण पुढे वहिनीचे दिवस भरत आले आणि आईला तिकडे बघणं भाग होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलेलं. त्यामुळे दिवसा मुलीला खालच्या घरमालकीण काकू बघायच्या, आणि संध्याकाळी मला सांगायच्या, "तुमची पोरगी म्हणजे गाय आहे हो! दुपारी जेवली की दोन तास गाढ." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

रात्री वेगळंच असायचं. नऊ-साडेनऊला झोपायची. अकराच्या आसपास पहिली हाक. पाजलं, थोपटलं, खांद्यावर घेऊन फिरवलं, डोळे मिटले, मान पडली, मग श्वास रोखून तिला खाली ठेवायला जावं तर पाठ गादीला टेकताक्षणी डोळे टक्क उघडे. पुन्हा पहिल्यापासून. कधी मी तिला खांद्यावर घेऊन भिंतीला कपाळ लावून उभी राहायची आणि उभ्या उभ्याच डुलकी लागायची. नवरा उठायचा, नाही असं नाही. हात पुढे करून म्हणायचा, "दे माझ्याकडे." त्याच्याकडे गेली की ती पाठीची कमान करून असा टाहो फोडायची की खालच्या काकूंचा दिवा लागायचा. मग मी तिला ओढून घ्यायची आणि म्हणायची, "झोपा तुम्ही." माझ्या त्या आवाजात काय असायचं ते मला ठाऊक होतं. तो बिचारा झोपायचा, आणि तो झोपला म्हणून मी जळत राहायची.

डॉक्टरांनी तपासलं. वजन चांगलं, कान चांगले, पोट चांगलं. म्हणाले, "काही बाळं अशीच असतात, वर्षाची होईपर्यंत धीर धरा." काकूंनी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्या विस्तवावर टाकल्या तेव्हा ज्वाळ बघून पोरगी खदखदून हसली. त्या रात्री ती नऊ वेळा उठली.

शाळेत माझ्याकडे चौथीचा वर्ग. एकोणीस मुलं. रुजू होऊन तीन आठवडे झाले असतील. फळ्यावर मी मागच्या महिन्याची तारीख लिहिली, एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने रागावले, असलं काय काय रोज चाललेलं. एकदा दुपारी खिचडी झाल्यावर मी भागाकाराची पाच उदाहरणं फळ्यावर लिहून दिली आणि खुर्चीत टेकले. फक्त टेकले, असं मला वाटलं.

डोळे उघडले तर वर्गात इतकी शांतता होती की मी दचकले. सगळी मुलं खाली मान घालून लिहीत होती. एक मुलगी दारात उभी होती, दोन्ही हात आडवे लावून, म्हणजे तिसरीची मुलं आत येऊन गोंगाट करणार नाहीत. पुढच्या बाकावरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावरचं बोट काढलं.

मी विचारलं, "उदाहरणं झाली?"

"ते तं कवाचेच झाले मॅडम. मंग आमी पाढे लिवले. आता शुद्धलेखन करून राह्यलो."

"मला उठवलं का नाही?"

"तुमी घोरून राह्यल्या होत्या मॅडम." कोणीतरी मागे फिसकन हसलं. ती मागे वळून त्याच्याकडे रागाने बघून म्हणाली, "काऊन हसतं रे? माही आई बी अशीच झोपते, लहान भाऊ झाला तवापासून. भाकर टाकता टाकता झोपते."

मग दारातल्या मुलीने सांगितलं, "सर आलते. पाहून गेले."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक हजेरीपटावर सही करताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, अर्धी रजा लागली तर सांगत जा. संकोच करू नका." चांगले गृहस्थ. पण मी मुतारीमागच्या भिंतीशी जाऊन पाच मिनिटं रडले. बारा वर्षांच्या नोकरीत कोणी मला अशी सूट दिली नव्हती, आणि मला ती घ्यायची नव्हती.

ही लाज मी घरी सांगितली नाही. जे सांगितलं ते त्यानंतर आठ-दहा दिवसांनी घडलेलं. एका संध्याकाळी मी शाळेतून निघाले, घरी पोचले, स्कूटी स्टँडवर लावली, आणि हेल्मेट काढता काढता माझ्या लक्षात आलं की मला धाम नदीचा पूल आठवत नाही. पूल ओलांडल्याशिवाय मी घरी येऊच शकत नाही. मी आठवायचा प्रयत्न केला. समोरून बस आली होती का? नदीत पाणी किती होतं? पुलाच्या अलीकडचा चहाचा ठेला उघडा होता का? काहीच नाही. शाळेचं फाटक आठवत होतं आणि त्यानंतर एकदम आमच्या घरासमोरची नालीवरची मोरी. मधला सगळा रस्ता मी कशी आले ते मला माहीत नव्हतं. काकूंकडून मुलीला घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "अहो, चेहरा कसा झाला तुमचा?"

नवऱ्याची त्या आठवड्यात पहिली पाळी होती, तो घरी होता. मी त्याला सांगितलं. वाटलं होतं तो म्हणेल, स्कूटीने जाऊ नको, बसने जा. तो मात्र फोन घेऊन गच्चीवर गेला आणि बराच वेळ खालच्या आवाजात बोलत होता. परत आला आणि म्हणाला, "बाबा येऊन राह्यले परवा."

मी म्हटलं, "बाबा? बाबा येऊन काय करतील?"

"मलेई नाई माहीत. मी फक्त सांगितलं त्याईले. ते म्हणाले, येतो."

माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, नाचणगावला मोठ्या दिरांकडे राहतात. सत्तरी ओलांडलेली. जन्मभर शेती केली. शेतातल्या मोटारीची लाईन कित्येक वर्षं रात्रीचीच यायची, त्यामुळे हरभरा-गव्हाचं ओलीत करायचं, पाणी द्यायचं, म्हणजे रात्री दोनला उठून कंदील आणि फावडं घेऊन निघायचं. पुढे बॅटरी आली, वेळ तीच राहिली. आदल्या वर्षी बांधावरून घसरून त्यांच्या कंबरेला मार लागला आणि दिरांनी त्यांचं रात्रीचं शेतात जाणं बंद केलं. झोप मात्र दोनलाच मोडायची. माझं त्यांच्याशी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत जे बोलणं झालं होतं ते एवढंच की चहा ठेवू का मामाजी, आणि, हो, ठेवजो. आमच्याकडे आले तर समोरच्या खोलीच्या पुढे कधी पाऊल टाकलं नाही. मुलीला त्यांनी बारशाला पाहिलं होतं, तेही लांबून. मी तिला मांडीवर द्यायला गेले तर म्हणाले होते, "नको, नको, पडंन मायाजवळून."

सांगितल्याप्रमाणे दोन दिवसांनी दुपारी ते बसने आले. एक कापडी पिशवी, खांद्यावर दुपट्टा. चहा झाला. मी स्वयंपाकघरात होते, मधे फक्त पडदा. ते भिंतीकडे बघत मुलाला म्हणाले, "सूनबाईले सांग, दोन वाजेपर्यंत तिनं पाहावं. दोनच्या बादमधी पोरगी मायाकडे. पाच वाजता परत देईन. मी तसाई जागाच राह्यतो."

नवऱ्याने पडद्याकडे बघून विचारलं, "ऐकलं ना?"

मी मनात म्हटलं, सख्ख्या बापाकडे राहत नाही ती, यांच्याकडे काय राहणार! आणि देणार तरी कशी? मी रात्री गाऊनवर असायची, पाजत असायची. पण त्यांनी तेही आधीच ठरवून ठेवलेलं दिसलं. रात्री बरोबर दोन वाजता पडद्यापलीकडे खाकरल्याचा आवाज आला. मी पदरासारखी ओढणी घेतली, पडद्याच्या बाहेर जमिनीवर गोधडी टाकली, त्यावर पोरीला ठेवलं आणि आत आले. मग त्यांची पावलं, गुडघ्यांचा कडकड आवाज, आणि त्यांनी तिला उचललं.

तिने जो सूर लावला! ते तिला दुपट्ट्यात गुंडाळून गच्चीवर घेऊन गेले. मी दाराआड उभी. दूध गळून गाऊन ओला झालेला, पाय पुढे जायला बघत होते. त्यांना ते कळलं असावं, कारण बाहेरूनच त्यांचा आवाज आला, "बाई, तू झोप. रडून राह्यली तं रडू दे तिले. मायाजवळ हाये न ते." मी झोपले नाही. भिंतीला टेकून खाली बसले. वीस मिनिटं तरी रडली असेल. मग रडणं तुटक झालं, मग नुसते हुंदके. त्यापुढचं मला माहीत नाही. पाचला खाकरणं ऐकू आलं तेव्हा मी तशीच भिंतीशी बसलेली होते, मानेला रग लागलेली. तीन तास मी सलग झोपले होते. सात महिन्यांत पहिल्यांदा.

लगेच सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. तिसऱ्या रात्री ती त्यांच्या अंगावर ओकली. चौथ्या रात्री त्यांनी तीनलाच गोधडीवर आणून ठेवली, "भूक लागली वाटते." एका आठवड्यात त्यांना सर्दी झाली आणि ते नाचणगावला परत जातील की काय या भीतीने मी त्यांना दिवसातून चार वेळा काढा दिला. त्या भीतीची मला लाजही वाटली, म्हातारा माणूस आजारी आणि मला माझ्या तीन तासांची पडलेली. पण ते गेले नाहीत. डिसेंबरात गच्चीवर गार वारं सुटायचं, तेव्हा ते समोरच्या खोलीतच फेऱ्या मारायचे. पाठ सरळ, पोरगी डाव्या हातावर आडवी, तिचं डोकं कोपरात. आणि बोलायचे. अंगाई त्यांना येत नव्हती. शेतातलं सांगायचे तिला. कोणत्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, किती चिंचा, विहिरीला पाणी कुठपर्यंत, यंदा तुरीवर अळी कशी पडली. "झोप येत नाई का तुले? मलेई येत नाई. चाल मंग, आपण वरल्या वावरात जाऊन येऊ." असं म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती ऐकायची. निदान रडायची नाही.

महिनाभराने गोधडी बंद झाली. एका रात्री ती टाकायला मी विसरले आणि पोरीला सरळ त्यांच्या हातात दिलं. दोघांनीही काही दाखवलं नाही.

जानेवारीतली एक रात्र. मला जाग आली तेव्हा साडेतीन झाले असतील. पाणी प्यायला उठले, पण पडद्याशीच थांबले. ते दिवाणावर बसले होते, पोरगी मांडीवर जागी. ते तिला सांगत होते.

"तुया बापही असाच होता. रातभर रडे. मी खाटंवरून ओरडो, चूप कर त्याले, मले ओलिताले जा लागते. मंग तुयी आजी त्याले घेऊन बाहीर जाये. थंडी असो का पानी असो. कुठं जाते म्हून मी कधी उठून पायलं नाई."

पोरीने काहीतरी आवाज काढला.

"एक डाव पाहाटे पायलं. गोठ्यात बसली होती, गाईच्या पाठीले टेकून. पोरगं मांडीवर. दोघंई झोपले होते. मी तिले उठवलं आन् म्हनलं, चहा ठेव."

मग त्यांनी पोरीचं टोपडं नीट केलं. "हो. असंच म्हनलं मी."

मी पाणी न पिताच परत आले. हे ऐकून मला भरून आलं असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला त्यांचा राग आला. ज्या बाईला मी कधी भेटले नाही तिच्यासाठी राग आला. तिच्या वाट्याला जे यायला हवं होतं ते मला मिळत होतं, आणि ते मिळायला तिचं मरण आणि यांचं म्हातारपण लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे. रात्री दोनला खाकरणं आलं की मी पोरगी त्यांच्या हातात द्यायची आणि झोपायची. राग धरून जागं राहण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत होते तर ते येऊन समोर बसले आणि मेथीच्या काड्या मोडायला लागले. जाड देठं तशीच भाजीत टाकत होते. मी ती नंतर वेचून काढली.

नवऱ्याला मी हे सगळं खूप उशिरा सांगितलं. तो म्हणाला, "मले आठवते तो गोठा." एवढंच. त्यानंतर मात्र त्याची दुसरी पाळी असली की, रात्री उशिरा येऊन जेवला की, दोनपर्यंत पोरीला तोच घ्यायला लागला. ती त्याच्याकडे रडायची, तो घेऊन फिरायचा. हळूहळू कमी रडायला लागली. मी "झोपा तुम्ही" म्हणायचं सोडून दिलं. ते सोडणं माझ्यासाठी सोपं नव्हतं.

उन्हाळ्यापर्यंत उठणं तीन-चारवर आलं. ती वर्षाची झाली, दिवाणाला धरून उभी राहायला लागली, मामाजींच्या मिशा ओढायला लागली. मे महिन्याच्या शेवटी मामाजी म्हणाले, वखरणीचे दिवस आले, जा लागते. शेतात त्यांना आता कोणी काही करू देत नव्हतं, पण बांधावर उभं राहायला तरी जायचंच होतं. आम्ही बसस्टँडवर सोडायला गेलो. पोरगी त्यांच्याकडून यायला तयार नव्हती, गळ्याला घट्ट धरून होती. त्यांनी तिचे हात एकेक करून सोडवले आणि मला देताना पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलले, "दोन वाजता उठलीच तं बाहीर नेजो. बोलत राहजो तिच्यासंगं. काईबी बोल. तिले काय समजते!"

त्या रात्री ती दोनला उठली. मी तिला गच्चीवर नेलं. उकडत होतं, कुठेतरी कूलर घरघरत होता. बोलायचं काय, ते मला सुचेना. चौथीच्या वर्गात दिवसभर बोलणारी मी, स्वतःच्या मुलीशी रात्री काय बोलावं हे मला येत नव्हतं. शेवटी मी तिला वर्गातल्या मुलांबद्दल सांगितलं. कोण पाचवीला कुठल्या शाळेत जाणार, कोणाला अजून हातचा समजत नाही. ती पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती. तासभर लागला.

आता ती दोन वर्षांची होईल. एखाद-दुसऱ्यांदा अजून उठते, आणि सर्दी झाली की पूर्वीसारखंच सगळं. शाळेत मी पुन्हा कधी झोपले नाही, पण दुपारी खिचडीनंतर खुर्चीत बसायचं मी टाळते, वर्गात फिरत राहते. सगळे म्हणतात, दिवस भुर्रकन जातात, हे दिवस तुला आठवतील. मला तेव्हाचे दिवस नीट आठवतच नाहीत, खूप गोष्टी पुसल्यासारख्या झाल्या आहेत. तिचा पहिला दात कोणत्या आठवड्यात आला ते नवरा सांगतो.

मामाजींचा सकाळी फोन येतो. मी डबा भरत असते, फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवते.

"रातच्याले कितीदा उठली?"

"एकदाच, मामाजी."

"मंग तुया आवाज असा काऊन?"

मी म्हणते, सर्दी झाली. ते हं म्हणतात. मग पोरगी येऊन फोनला तोंड लावून त्यांना काहीतरी लांबलचक सांगायला लागते, आणि मला पोळ्या करायला तेवढा वेळ मिळतो.